टर्बोडिझेल फोर-बाय-फोरला तीन इंची एक्झॉस्ट: टाकावा की नको?

चढणीचा_मुसाफिर

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

गाडी अकरा वर्षांची, २ लाख २० हजार किलोमीटर झालेली. ३ लिटर, ४ सिलिंडर, कॉमन रेल, व्हेरिएबल टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंप, आतली पाती कमीजास्त उघडणारा). डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी, नाही. टर्बोच्या मागे एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा जाळीचा डबा), मग सायलेन्सर, मग शेपूट. गेल्या दोन वर्षांत मी तिच्यावर बरंच ओझं लादलंय: मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर, छतावर रॅक आणि तंबू. सपाटीला काही तक्रार नाही. पण लांब चढ लागला की तिसऱ्या गियरमध्ये २,८०० आरपीएमच्या वर दम संपतो. पाय दाबावा तसा धूर वाढतो, वेग नाही. मागच्या महिन्यात टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर, तापमानाचा काटा बसवून घेतला. पूर्ण लोडवर ७४५ अंशांपर्यंत जातो आणि मग मीच घाबरून पाय काढतो.

एका एक्झॉस्टवाल्याकडे गेलो. त्याने गाडीखाली डोकंही घातलं नाही. "जाळी काढून टाकू, टर्बोपासून शेपटापर्यंत तीन इंची सरळ पाइप. गाडी उडेल!" मला उडवायची नाहीये हो, चढवायचीय.

तर तीन इंची टाकावा का? की अडीच पुरे? आणि "थोडं बॅकप्रेशर (धुराला मागे होणारा अडथळा) लागतंच, नाहीतर कमी आरपीएमचा टॉर्क जातो" असंही कोणीकोणी म्हणतं, ते खरं का?

धूरकांडी

टाका बिनधास्त. आवाजच असा येतो की काच खाली करून चालवाल.

जुना_पाना

धूरकांडी, तुझ्या गाडीचा आवाज येतो म्हणून पोरं खिडकीत येतात, गाडी त्यानंतर दोन मिनिटांनी येते. 😀

मुसाफिर, आधी शेवटचा प्रश्न घेतो. बॅकप्रेशर लागतं ही समजूत बिनटर्बोच्या पेट्रोल गाड्यांमधून आलीय, आणि तिथेही ती अर्धवटच आहे. त्या इंजिनात पाइपची लांबी आणि जाडी जुळवून धुराच्या लाटांचा फायदा घेतात, एका सिलिंडरचा धूर जाताना दुसऱ्याचा ओढून नेतो. पाइप वाजवीपेक्षा रुंद झाला की तो खेळ बिघडतो, म्हणून लोकांना वाटलं दाब हवाच. टर्बो असलं की त्या लाटा टर्बाइनच्या पात्यांत शिरून विस्कटतात. टर्बोच्या मागे जेवढा कमी दाब तेवढं बरं. टर्बाइन फिरतं ते पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागे कोंडलं की त्याला फिरवायला पुढे आणखी कोंडावं लागतं, आणि ते कोंडण्याचं काम तुझ्या पिस्टनच्या बोकांडी बसतं.

पण म्हणून लगेच तीन इंची पाइप घ्यायला धावू नकोस. कोंडतंय का, किती आणि कुठे, हे कोणी मोजलंय का? अकरा वर्षांची गाडी, वर धूर, मधूनच दम संपणं, ही लक्षणं एक्झॉस्टची असू शकतात. तशीच ती इंटरकूलरच्या फाटलेल्या होजची, चिकटलेल्या ईजीआरची (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), मळलेल्या एअरफ्लो सेन्सरची किंवा गळक्या इंजेक्टरचीही असतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं नको व्हायला.

मोजायची पद्धत अगदी साधी. टर्बोच्या लगेच मागे, डाऊनपाइपवर, एक छोटी आट्यांची बोंडी वेल्ड करून घे, ऑक्सिजन सेन्सरला असते तशी. तशीच दुसरी कन्व्हर्टरच्या मागे. तिथून फूटभर तांब्याची नळी, पुढे उष्णता सोसणारी रबरी नळी, आणि केबिनमध्ये कमी दाबाचा गेज. तांब्याची नळी विसरलास तर रबर वितळून गेजला चिकटेल, मी केलंय ते. मग चढावर तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण पाय दाबून ३,००० च्या वर आकडा बघायचा. शेजारी कोणीतरी बसव, तू रस्त्याकडे बघ.

अर्धवट_अभियंता

काकांना दुजोरा. वहीत थोडी आकडेमोड केली, ज्यांना आवडते त्यांच्यासाठी टाकतो.

३ लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन ३,५०० आरपीएमला मिनिटाला ५,२५० लिटर हवा ओढू शकतं. भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरा, आणि टर्बोमुळे इंटरकूलरनंतरची हवा साधारण १.८ पट दाट. म्हणजे बाहेरच्या हवेच्या मापात झाले सुमारे ८,५०० लिटर. हीच हवा टर्बोतून बाहेर पडते तेव्हा ५०० अंशांच्या आसपास तापलेली असते, म्हणून फुगून २.६ पट. मिनिटाला २२,००० लिटर, सेकंदाला सुमारे ३७० लिटर गरम धूर.

हा धूर दोन इंची पाइपातून ढकलायचा तर वेग सेकंदाला १८० मीटरच्या घरात जातो. अडीच इंचीत ११७, तीन इंचीत ८०. घर्षणाचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तेवढाच धूर वाहत असेल तर पाइपच्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होतो. म्हणून दोनवरून अडीचवर गेलात की दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. अडीचवरून तीनवर गेलात की जे उरलंय त्याचा साधारण ४० टक्के. पहिल्या उडीतच बहुतेक लाडू संपतात.

आणखी एक. धूर मागे जाता जाता थंड होतो, आकसतो. शेपटाकडे तो ३०० अंशांवर आला असेल तर त्याला पुढच्या तुलनेत तीन चतुर्थांश जागा पुरते. म्हणून जिथे रुंदी खरोखर कामाची आहे ती जागा टर्बोच्या तोंडापासून पहिल्या हातभर अंतरात, आणि नेमकी तिथेच कंपनीची नळी सगळ्यात चेपलेली असते, कारण इंजिनखान्यात जागा नसते.

धूरकांडी

म्हणजे शेवटचे पाच फूट तीन इंची फक्त दाखवायला?

अर्धवट_अभियंता

दाखवायला आणि ऐकवायला.

खडकवाट

मी वापराच्या बाजूने बोलते, पाइपाचं गणित तुम्ही बघा.

तीन इंची पाइप चेसिसच्या आत, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि प्रोपेलर शाफ्टच्या बाजूने न्यायचा म्हणजे जागेची मारामारी. बसत नाही म्हटल्यावर फिटर तो खाली उतरवतो. चेसिसच्या रेषेच्या खाली आलेला पाइप हा खडकाने पहिल्यांदा हाणायचा भाग. एका मित्राच्या गाडीत तो ट्रान्सफर केसच्या आडव्या पट्टीखालून नेला होता. दुसऱ्याच सहलीत दगडावर बसून इतका चपटा झाला की आत दोन इंचही राहिले नसतील. एवढं करून मिळवलं काय!

मागचा ॲक्सल वर-खाली होतो हेही बघायला सांगा. लिफ्टवर चाकं लोंबकळत असतात तेव्हा सगळं मोकळं दिसतं. गाडी पूर्ण भरून, एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर असताना ॲक्सल पाइपला भेटतो. ब्रेकच्या नळ्या, डिझेलची टाकी आणि हँडब्रेकची केबल यांच्यापासून बोटभर अंतर ठेवून चालत नाही. हात फिरला पाहिजे, नाहीतर मध्ये पत्रा.

आणि शेपूट मागच्या चाकाच्या आधी बाजूला काढू नका. दिसायला बरं दिसतं, वेल्डिंग वाचतं, पण गाडी उभी राहिली की धूर दाराच्या फटीतून आत येतो. मागची काच उघडी ठेवून चाललात तर गाडीच्या मागचा कमी दाब तो आत ओढतोच. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलंय. मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात आमच्याकडे.

चढणीचा_मुसाफिर

ताई, हे शेपटाचं डोक्यातच नव्हतं. धन्यवाद.

काका, होज तपासले, ठीक आहेत. एअरफ्लो सेन्सर साफ केला, फरक शून्य. बोंड्या वेल्ड करायला रविवारी नेतो. ट्रान्सफर केसजवळ जागा आहे का तेही बघून येतो.

निळी_टाकी

धागा थोडा पळवतोय, क्षमस्व. माझी गाडी नवीन आहे, डीपीएफ आणि युरियाची टाकी (धुरातले विषारी वायू मारणाऱ्या द्रवाची) दोन्ही असलेली. मलाही काही करता येईल का? एकाने "डीपीएफ आतून पोकळ करून देतो, बाहेरून कळणार नाही" असं सांगितलं.

जुना_पाना

नको. कळतं.

गाळणीच्या पुढे-मागे दाबातला फरक मोजणारा सेन्सर असतो. आत काही नसलं तर फरक शून्य, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) लगेच शंका येते, मग दिवा आणि लिंप मोड, म्हणजे तो गाडीची ताकदच तोडतो. ते झाकायला प्रोग्रॅम बदलायचा, मग युरियाचं गणित चुकतं, मग तेही बंद करायचं. एक खोटं लपवायला दहा. आणि हे काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे. ते सोडलं तरी ज्या काजळीचे बारीक कण ती अडवते ते दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसात जाणार.

ती गाळणी काम कशी करते ते समजून घे म्हणजे राग जाईल. आत मधमाशीच्या पोळ्यासारख्या नळ्या, एकाआड एक बूच मारलेल्या, धूर भिंतीतून झिरपून पलीकडे जातो आणि काजळी अलीकडे राहते. लांब प्रवासात २५० ते ४०० अंशांना ती आपोआप हळूहळू जळत राहते. तेवढं तापलं नाही तर ईसीयू जास्तीचं डिझेल सोडून ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि जाळून टाकतो. तेव्हा मध्येच गाडी बंद केलीस की काम अर्धवट राहतं. रोज पाच मिनिटांच्या चकरा मारणाऱ्यांच्या गाळण्या म्हणूनच तुंबतात. काजळी जळते, पण तेलातली राख जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून पुस्तिकेत लिहिलेलं कमी राखेचंच तेल घाल, दुसरं "भारीतलं" नको.

खडकवाट

आणि ती गाळणी तापलेली असताना वाळक्या गवतात गाडी उभी करू नका. हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

अर्धवट_अभियंता

निळी_टाकी, तुमच्या गाडीत शेवटच्या सेन्सरच्या मागचा सायलेन्सर आणि शेपूट तेवढं हात लावण्याजोगं. त्याने आवाज बदलेल, वजन दोन-चार किलो कमी होईल. ताकदीत जाणवेल असं काही नाही, कारण तिथे मुळात फार कोंडतच नव्हतं. आणि जोडाला गळती बुजवायची पेस्ट लावू नका, सेन्सर आणि गाळणीच्या पुढे तर नकोच.

ठिणगी

उशिरा आलो. माझं पोट वेल्डिंगवर आहे, त्यामुळे दोन गोष्टी मी सांगितल्याच पाहिजेत.

बेंड बघून घ्या. साध्या मशीनवर दाबून वाकवलेला पाइप आतल्या बाजूने चुरगळतो. तीन इंची म्हणून विकलेला पाइप वळणावर अडीचही उरत नाही. मॅन्ड्रेल बेंड म्हणजे आत गोळे घालून वाकवलेला, तो वळणावरही गोल राहतो. दुकानात बोट फिरवून बघा, आतल्या वळणावर सुरकुत्या लागल्या तर परत द्या. गोल राहिलेला अडीच इंची हा चुरगळलेल्या तीन इंचीपेक्षा कधीही चांगला.

स्टीलबद्दल: ४०९ आणि ३०४ ही दोन नावं ऐकाल. ४०९ ला लोहचुंबक चिकटतो, वरून तांबूस गंज धरतो पण आत सहज शिरत नाही, कंपन्या बहुतेक तेच वापरतात. ३०४ ला चिकटत नाही, चकाकत राहतं, आणि फुगतं जास्त. हे फुगणं लोक विसरतात. तीन मीटरचा ३०४ चा पाइप ३०० अंशांनी तापला की साधारण १५ मिलिमीटर लांब होतो. ४०९ दहाच्या आसपास. हे १५ मिलिमीटर कुठेतरी जायला हवेत. दोन्हीकडून आवळून टाकलात तर ते मॅनिफोल्डच्या स्टडवर जातात, किंवा टर्बोच्या फ्लँजला चीर पाडतात. म्हणून इंजिन हलतं त्या जागेजवळ लवचिक जाळीदार तुकडा हवाच, आणि मागचे सगळे आधार रबरावर. रबर मागेपुढे झुलतील अशी लावायची, ताणून नव्हे.

३०४ ला टिग वेल्डिंग मारताना आतून आर्गॉन सोडायला सांगा. नाहीतर आतल्या बाजूला टाक्यावर साखरेसारखा खरबरीत काळा थर येतो. बाहेरून टाका देखणा, आतून खरुज. तिथूनच तडा जातो.

आणि गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. अर्थची पकड जिथे टाका मारताय त्याच्या अगदी जवळ. लांब लावली तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून रस्ता काढतो. यावरून मी दोनदा भांडलोय दुकानात.

धूरकांडी

पाइपला ते पांढरं कापड गुंडाळतात ते करावं का? रेसिंगवाले करतात.

ठिणगी

रेसिंगवाली गाडी चिखलातून जात नाही आणि दर रविवारी उघडली जाते. आपल्या गाडीत ते कापड पाणी धरून बसतं, पाइप आतल्या आत कुजतो. डाऊनपाइपवर हवंच असेल तर पत्र्याचं कवच लावा, मध्ये फट ठेवून.

चढणीचा_मुसाफिर

मोजून आलो. बसा नीट.

टर्बोच्या लगेच मागे, तिसरा गियर, पूर्ण पाय, ३,२०० आरपीएम: ४१ किलोपास्कल. कन्व्हर्टरच्या मागे, तोच चढ, तोच वेग: १५. दोन्ही तीन-तीनदा घेतले. शेजारी बायको होती, तिने वहीत लिहिलेत, म्हणजे माझं मन राखायला आकडे बदललेले नाहीत.

म्हणजे २६ किलोपास्कल एकट्या कन्व्हर्टरमध्ये जातायत. उरलेला सगळा पाइप, सायलेन्सर, शेपूट मिळून १५.

जुना_पाना

शाब्बास. सापडला चोर.

आता सांग, त्या दुकानदाराने तीन इंची पाइप टाकून कन्व्हर्टर तसाच ठेवला असता तर? पंधराचे आठ झाले असते, २६ जिथल्या तिथे. काढून टाकला असता तर गाडी "उडाली" असती आणि श्रेय पाइपाला गेलं असतं. अर्धे चमत्कार असेच होतात.

कन्व्हर्टर उतरव आणि पुढच्या तोंडातून टॉर्च मारून मागून बघ.

चढणीचा_मुसाफिर

उतरवला. फ्लँजचे तीनपैकी दोन स्टड तुटले, त्यात अर्धा दिवस गेला (आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल मारून ठेवा हो, मी आळस केला).

पुढचं तोंड असं दिसतं: मधल्या गोलात भोकं दिसतात, पण कडेचा साधारण निम्मा भाग काळ्या पापुद्र्याने लिंपलेला. नखाने ओरबाडलं तर खपली निघाली, खाली राखाडी आणि चिकट. टॉर्चचा उजेड मागे फक्त मध्यावर येतो, चंद्राला खळं पडल्यासारखा.

अर्धवट_अभियंता

चिकट म्हणजे तेल किंवा न जळलेलं डिझेल. नवीन बसवायच्या आधी ते कुठून आलं ते शोधा, नाहीतर दोन वर्षांत पुन्हा हाच फोटो टाकाल. टर्बोचा शाफ्ट हलवून बघा, इंजेक्टर परतीच्या मापावर तपासून घ्या.

चढणीचा_मुसाफिर

टर्बो घट्ट आहे. तीन नंबरचा इंजेक्टर बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट डिझेल परत पाठवत होता. चारही टेस्ट बेंचवर देऊन टाकले, तिथे त्याच तिसऱ्याची फवारणीही थेंबथेंब निघाली.

खडकवाट

बघा, पाइप विकत घ्यायला निघालेला माणूस इंजेक्टर बदलून आला.

निळी_टाकी

एक बाळबोध प्रश्न. मागे २५ किलोपास्कल कमी झाले तर इंजिनला नेमके किती सुटतात? तेवढेच?

अर्धवट_अभियंता

बाळबोध अजिबात नाही, याच्यातच मजा आहे. जास्त सुटतात.

टर्बाइनला हवं असतं ते दाबाचं गुणोत्तर. समजा मुसाफिर यांच्या मॅनिफोल्डमध्ये पूर्ण लोडला २८० किलोपास्कल निरपेक्ष दाब (वातावरणाचा धरून) होता आणि टर्बोमागे वातावरणाचे १०० अधिक ४१, म्हणजे १४१. गुणोत्तर जवळजवळ दोन. आता धरा, मागचे ४१ उतरून १७ झाले, म्हणजे ११७. तेच काम करायला, तेवढाच बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) द्यायला, पुढे २३३ च्या आसपास पुरतात. मागे २४ सुटले, पुढे ४७. पिस्टनला दर फेरीला धूर बाहेर ढकलताना हा फरक मिळतो. व्हेरिएबल टर्बोत बूस्टचं लक्ष्य ईसीयू ठरवतो, त्यामुळे बूस्टचा काटा वाढलेला दिसणार नाही. ईसीयू पाती थोडी जास्त उघडी ठेवून तेवढंच काम करून घेईल. लोक बूस्ट गेजकडे बघून "काही फरक नाही" म्हणतात ते यामुळे. फरक तापमानाच्या काट्यावर बघायचा.

धुराच्या फुकट ऊर्जेवर पंप चालवायची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये पेटंट केली. तेव्हापासून फुकट म्हणतात खरं, पण बिल पिस्टनच भरतो. मागचा पाइप मोकळा ठेवला की ते बिल कमी येतं.

एक सावधगिरी: उंच डोंगरात हवा विरळ असते, तिथे टर्बो मुळातच जास्त वेगाने फिरतो. एक्झॉस्ट मोकळा केला, वरून प्रोग्रॅम बदलून बूस्टही वाढवला आणि मग उंचीवर पाय दाबून धरला, तर टर्बो मर्यादेबाहेर फिरू शकतो. जुन्या, वेस्टगेटच्या (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) यांत्रिक पंपवाल्या गाड्यांत तर वेस्टगेट लहान पडून बूस्ट नको तेवढा चढतो. गेज हवाच.

धूरकांडी

बरं मग मुसाफिरराव, पाइप किती इंची? धागा त्यासाठी होता ना.

चढणीचा_मुसाफिर

झालं सगळं, सविस्तर सांगतो.

नवीन कन्व्हर्टर, मोठ्या तोंडाचा. डाऊनपाइप तीन इंची, कारण तिथे जागा निघाली आणि अभियंता म्हणाले तसं खरी गरज तिथेच. कन्व्हर्टरपासून मागे अडीच. तीनचा तुकडा ट्रान्सफर केसजवळ धरून बघितला, ताई म्हणाल्या तसाच पट्टीखाली येत होता. मॅन्ड्रेल बेंड, ४०९, लवचिक तुकडा कन्व्हर्टरच्या आधी, जोडाला व्ही-बँड क्लॅम्प. सायलेन्सर सरळ आरपारचा, पण लांब. शेपूट मागच्या बंपरच्या मागे.

आकडे, तोच चढ: टर्बोमागे १७, कन्व्हर्टरमागे ९. तापमान ७४५ चं आता ६६५ च्या आसपास थांबतं, तेही पाय पूर्ण दाबून. धूर जवळजवळ गेला, पण त्यातलं श्रेय इंजेक्टरचं किती आणि पाइपाचं किती हे मला वेगळं करता येत नाही, म्हणून फुशारकी मारत नाही. ४० ते ८० किलोमीटर, तिसऱ्या गियरमध्ये, त्याच पट्ट्यात: आधी ११.८ सेकंद, आता १०.३.

एक कटकट उरलीय. १,८०० आरपीएमला, म्हणजे नेमक्या माझ्या हायवेच्या वेगाला, केबिनमध्ये हुंकार घुमतो. कानापेक्षा छातीत जास्त. अर्ध्या तासाने डोकं दुखतं.

धूरकांडी

हेच तर संगीत!

खडकवाट

तू एकटा फिरतोस म्हणून संगीत.

अर्धवट_अभियंता

चार सिलिंडर, एका फेरीत दोन स्फोट. १,८०० ला मिनिटाला ३,६००, सेकंदाला ६०. हा ६० हर्ट्झचा सूर आहे. तो मारायला पाइपला बाजूने एक बंद तोंडाची नळी जोडतात, लाट आत जाऊन उलटी होऊन परत येते आणि मूळ लाटेला खाते. नळीची लांबी लाटेच्या पावपट. गरम धुरात ध्वनी सेकंदाला साधारण ४६० मीटर धावतो, म्हणजे ४६० भागिले २४०: १.९ मीटर. एवढी नळी गाडीखाली कुठे लपवणार? सहा सिलिंडरवाल्यांना तोच वेग ९० हर्ट्झला पडतो, त्यांचं सव्वा मीटरमध्ये भागतं. चार सिलिंडरवाल्यांनी या नादी लागू नये. मधल्या सरळ भागात दुसरा, पोटाला मोठा डबा घाला, ग्लासवूल नव्हे तर आत कप्पे असलेला. थोडा दाब वाढेल, दोन-तीन किलोपास्कल. तेवढे द्या.

ठिणगी

आणि त्याआधी सगळी रबरं हलवून बघा. निम्म्या वेळा घुमणं पाइपाचं नसतंच, पाइप कुठेतरी चेसिसला टेकलेला असतो. गरम असताना बघा, थंड असताना नाही.

चढणीचा_मुसाफिर

ठिणगीभाऊ, दंडवत.

तासभर चालवून आलो, हातमोजे घालून खाली गेलो. शेपटाचा आधार बंपरच्या कंसाला टेकला होता. थंड असताना मध्ये बारा मिलिमीटर फट, गरम झाल्यावर कागद जात नव्हता. कंस घासून पंधरा मिलिमीटर मागे घेतला, मागचं रबर एक भोक पुढे अडकवलं. हुंकार साठ-सत्तर टक्के गेला. उरलेल्यासाठी डबा घालायचा की नाही ते पुढच्या लांब प्रवासानंतर ठरवेन. बायको म्हणते एवढा चालेल, गाडी चालू आहे हे तरी कळतं.

निळी_टाकी

जुना कन्व्हर्टर टाकून दिला का?

जुना_पाना

टाकू नको. आत प्लॅटिनमचा लेप असतो, भंगारात वेगळा घेतात. आणि त्या दोन बोंड्या?

चढणीचा_मुसाफिर

नव्या पाइपवरही त्याच दोन जागी मारून घेतल्यात, काका. तांब्याची वॉशर घालून बोल्टने बंद. गेज डॅशबोर्डच्या खणात आहे, वहीसकट. दिवाणखान्यातल्या शोकेसवर सध्या जुना कन्व्हर्टर आहे, तो हलवायची मुदत रविवारपर्यंत मिळालीय.